बाहेर बसण्याची आधुनिक सोय

सुचेता डबीर वारली. भर दुपारी, टांग्यात, जनाना दवाखान्याच्या वाटेवर, सासूच्या मांडीवर डोकं ठेवून.

आता हे वाक्य आपण वाचलंच नाही असं धरून चालावं. छापलेलं खोडता येत नाही ही छापखान्याची अडचण, वाचकाची नव्हे. शिवाय घडलेलं घडलंच नाही असं धरून चालण्याची आपल्या घरांना इतकी सवय आहे, की एका वाक्यानं कुणाचं काही अडणार नाही. तर सुचेता वारलेली नाही. थंडीचे दिवस आहेत, सकाळ आहे, आणि सुचेता स्वयंपाकघरात नळाशी भांडते आहे.

"अहो, तुमचा बाण खोटं बोलतो!"

नीळकंठ दाढी अर्धी टाकून आला. एका गालावर साबण, दुसऱ्या गालावर आत्मविश्वास. सरकारी क्वार्टरमधला हा नळ उलटा बसवलेला होता. बंद करायला जावं तो उघडायचा. म्हणून नीळकंठनं भिंतीवर तांबड्या रंगानं बाण काढून खाली 'बंद' असं सुबक अक्षरात लिहिलं होतं.

"बाण बरोबर आहे. तू वरून बघतेस. समोरून बघायला हवं."

"समोरून बघायला काय नळाच्या आत जाऊन बसू?"

नीळकंठ विचारात पडला. तो असा खरोखरच विचारात पडत असे, आणि त्यासाठीच तो सुचेताला फार आवडत असे. "बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. "वरून बघणाऱ्यासाठी वेगळा बाण हवा." संध्याकाळपर्यंत भिंतीवर दोन बाण झाले, एकमेकांच्या विरुद्ध तोंडं केलेले. नीळकंठची धाकटी बहीण कमलिनी शाळेतून आली, बघत राहिली आणि म्हणाली, "दादा, अब तो इस घर में कोई पानी ही नहीं पिएगा."

राजधानी भोपाळला ठरली तेव्हा नागपूरच्या कचेऱ्या उचलून इकडे आणल्या गेल्या. टेबलं आली, टाइपरायटर आले, फायली आल्या, कारकून आले आणि कारकुनांच्या आया आल्या. बांधकामाच्या एका कचेरीत नकाशे काढणारा नीळकंठ डबीर त्यातच आला. बरोबर आई मनोरमाबाई, बायको सुचेता, बहीण कमलिनी आणि लोणच्याची बरणी. बरणी इटारसीला फुटली. बाकीचे सुखरूप पोचले.

आज ज्या बाजूला तुलसी नगर म्हणतात तिथे तेव्हा नुसते खडक, बाभळी आणि ओळीनं उभी नवी क्वार्टरं होती. घरांना नंबर दिले होते ते ज्या क्रमानं बांधून झाली त्या क्रमानं, त्यामुळे शेजारचं घर शोधायलाही चौकशी करावी लागे. बाहेरच्या खोलीचा दिवा लावायचं बटण न्हाणीघरात होतं. पुढचं दार पुरतं उघडलं की ते स्वयंपाकघराच्या दारावर जाऊन बसे; म्हणजे पाहुणा आत आला की घरातली बाई आपोआप कोंडली जाई. मनोरमाबाईंना ही एकच गोष्ट मुद्दाम केल्यासारखी वाटली आणि आवडली.

नीळकंठला मात्र या घरानं झोप लागू दिली नाही. त्याचा असा पक्का समज होता की माणसं वाईट नसतात, मांडणी वाईट असते. त्यानं न्हाणीघरातल्या बटणापर्यंत दोरी ओढली, दार उलट बाजूला फिरवून घेतलं, मसाल्याच्या डब्यांवर नावं लिहिली. डबे हलवले की सापडत नसत, म्हणून डब्यांच्या जागांवरही नावं लिहिली. त्यानंतर धण्याच्या जागेवर जिऱ्याचा डबा गेला तर घरात कुणालाच खात्रीनं सांगता येईना की आत काय आहे. सुचेता झाकण उघडून वास घेई. पण ती हे त्याला सांगत नसे.

एका गोष्टीची सोय मात्र सरकारनं मुळीच केली नव्हती. नागपुरातल्या भाड्याच्या घराला मागे पडवी होती. घरातली बाई बाहेरची झाली की तीन दिवस तिथे बसायची, चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेऊन आत यायची. इथे पडवीच नाही. नकाशा काढणाऱ्याला आई नसावी, असं मनोरमाबाईंचं मत झालं. अखेर अंगणाच्या टोकाला कोळसा ठेवायची जी खोली होती ती रिकामी करून घेतली. खिडकी नव्हती, कारण कोळशाला लागत नाही. कोळसा न्हाणीघरात गेला आणि बायका कोळशाच्या जागी गेल्या.

पण अंगण अरुंद. सुचेतानं "पाणी द्या हो" म्हटलं की शेजारच्या क्वार्टरात ऐकू जाई आणि गल्लीला कळे की डबिरांची सून बाहेर बसलीय. संडासाला जायची वाट स्वयंपाकघराच्या दारावरून. एकदा कमलिनी ताट घेऊन निघाली, तोच समोरून सुचेता आली, दोघींची धडक झाली. ताट गेलं, कमलिनीला भर थंडीत गार पाण्यानं आंघोळ करावी लागली, आणि मनोरमाबाई पुन्हा स्वयंपाकाला बसल्या.

"हे असं किती दिवस चालायचं?" त्या म्हणाल्या.

नीळकंठ हे ऐकून उजळला. इतके दिवस घरात दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"अडचण विटाळाची नाहीच मुळी," तो रात्री जेवताना म्हणाला. "अडचण निरोपाची आहे."

"मला वाटलं होतं थंडीची आहे," सुचेता म्हणाली.

"थंडीला घोंगडी दिलीय ना? घोंगडीला विटाळ नसतो," मनोरमाबाई म्हणाल्या.

"घोंगडीचं नशीब," सुचेता म्हणाली. कमलिनीला ठसका लागला.

पुढच्या रविवारी नीळकंठ जुन्या शहरात चौकात जाऊन तारा, घंटीची बटणं, शून्य नंबरचे दिवे आणि पतंगाचा रंगीत कागद घेऊन आला. कोळशाच्या खोलीत त्यानं चार बटणांची फळी बसवली. एकदा दाबलं की लागेल, पुन्हा दाबलं की विझेल. स्वयंपाकघराच्या दाराशी चार दिवे आणि त्यांच्याखाली सुबक अक्षरात तक्ता. पिवळा दिवा म्हणजे पाणी हवं. हिरवा म्हणजे जेवण. निळा म्हणजे धुतलेलं पातळ. आणि लाल म्हणजे 'मी बाहेर पडते आहे, सर्वांनी दूर व्हावे'.

सुचेतानं तक्ता वाचला.

"लाल दिवा लागला की लोक पळत यायला हवेत ना?"

"छे! लाल म्हणजे थांबा. रेल्वेत बघ."

"आणि आग लागली तर?"

"आगीला दिवा कशाला? आग दिसते."

सोय उत्तम चालली. लाल दिवा लागला की मनोरमाबाई पदर सावरून आत, कमलिनी दप्तर घेऊन बाहेर, अंगण स्वच्छ. कुणी कुणाला हाक मारायची गरज नाही. "तिचा आवाजसुद्धा कानावर पडत नाही हो," मनोरमाबाई शेजारणींना कौतुकानं सांगत. सुचेतानंही पहिल्या महिन्यात एकदा गंमत म्हणून चारही दिवे लावून विझवले होते. नीळकंठनं अंगणाच्या अलीकडून तिला शांतपणे समजावून सांगितलं, की यंत्राशी खेळू नये, खऱ्या वेळी कुणी विश्वास ठेवणार नाही. ती हसली आणि पुन्हा खेळली नाही.

कीर्ती पसरली. कॉलनीतल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष काशिनाथराव मुळमुळे नीळकंठच्याच कचेरीत वरच्या जागेवर होते. त्यांनी त्याला बोलावून घेतलं.

"डबीर, परंपरा आणि विज्ञान यांचा असा मिलाफ मी पाहिला नाही. मी सहकुटुंब येणार. आमच्याकडे तीन सुना आहेत."

"या ना. पुढच्या रविवारी आमच्याकडे सत्यनारायण आहे," नीळकंठ म्हणाला. "पण त्या दिवशी बायको बाहेरची असेलच असं नाही."

"नसली तर बटणं दाबायला तरी बसवा," काशिनाथराव म्हणाले.

तेवढी वेळ आली नाही.

सुचेताच्या लग्नाला चार वर्षं झाली होती. मागच्या वर्षी तिचे दिवस लांबले तेव्हा तिनं लगेच सांगून टाकलं होतं. मनोरमाबाईंनी त्याच दिवशी पेढे वाटले, नागपूर, वर्धा, अमरावती सगळीकडे कळवलं. पंधरवड्यानं ती बाहेर बसली. पेढे परत मागता येत नाहीत. वर्ध्याहून बाळंतविड्याची टोपडी आली होती ती मनोरमाबाईंनी ट्रंकेच्या तळाशी ठेवली आणि सुचेताला एक शब्द बोलल्या नाहीत, हेच तिला फार लागलं.

म्हणून या खेपेला दिवस लांबले, आणखी लांबले, तरी सुचेता गप्प राहिली. मनोरमाबाईंनीही त्या पेढ्यांनंतर सुनेचे दिवस मोजणं सोडलं होतं. पक्कं झालं की सांगायचं. पण कमलिनी सोळा वर्षांची होती आणि त्या वयाला डोळे फार असतात.

"वहिनी, तू काल अख्खी चिंच खाल्लीस."

"मग?"

"मतलब, बीसुद्धा चोखत बसली होतीस." कमलिनी जवळ सरकली. "सच बता ना. आहे ना?"

सुचेतानं तिचा हात दाबला. "कुणाला बोललीस तर बघ. संक्रांतीला सांगणार आहे मी. हलव्याचे दागिने करायचेत म्हणून आईंना साखर आणायला लावणार, आणि त्यांनी विचारलं कुणासाठी, की मग सांगणार."

हे बोलताना ती इतकी सुंदर दिसली, की कमलिनीनं पुढे पुष्कळ वर्षं तिला आठवलं ते याच क्षणातलं.

पूजेच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, सुचेताच्या पोटात कळ आली आणि अंगावर जायला लागलं. ती न्हाणीघराच्या दाराशी उभी राहिली.

"आई, मी... पण जरा वेगळं वाटतंय हो. दुखतंय फार."

"वेगळं म्हणजे?" मनोरमाबाई पूजेची भांडी घासत होत्या. "दुखतं ते सगळ्यांनाच. नेमकी आजच बरी वेळ साधलीस बाप्पा. सरक, सरक, भांड्यांवर सावली पडतेय."

सुचेता सरकली. कोळशाच्या खोलीत जाऊन बसली. दुपारी कमलिनी ताट ठेवायला आली तेव्हा उंबऱ्यापाशी थांबली.

"वहिनी... पण तू तर..."

"नसेल ते," सुचेता म्हणाली. तिचा चेहरा भिंतीकडे होता. "मागच्यासारखंच झालं असेल. आता कुणाला सांगू नकोस, कमळ. पुन्हा तेच नको."

कमलिनीनं नाही सांगितलं. तिला वचन पाळायची सवय होती. शाळेत त्यासाठी तिला बक्षीसही मिळालं होतं.

संध्याकाळी नीळकंठ अंगणात आला. उद्यासाठी दिवे तपासत होता. उघड्या दारातून सुचेता त्याच्याकडे बघत होती. दोघांच्या मध्ये सात-आठ हातांचं अंगण होतं.

"अहो, जरा बोलायचं होतं तुमच्याशी."

"बोल ना. पाणी हवंय?"

"पाणी नको."

"जेवण झालं ना तुझं?"

"जेवण नको. पातळ नको." ती थांबली. "तुमच्या तक्त्यात नाही ते."

नीळकंठचा हात तारेवर थांबला. तक्त्यात काही राहून गेलं असेल हा विचार त्याला बोचला. तिच्या आवाजात काय होतं याचा विचार मात्र त्याला शिवला नाही. स्वयंपाकघरातून आईनं हाक मारली, केळीचे खांब आले होते.

"उद्याची पूजा होऊ दे," तो प्रेमानं म्हणाला. "मग तू सांगशील त्या रंगाचा पाचवा दिवा घालू."

रविवारी सकाळी घर माणसांनी भरलं. काशिनाथराव आले, त्यांच्या पत्नी शशिकलाबाई आल्या, मंडळाची आणखी दोन-चार कुटुंबं आली. सगळ्यांनी आधी दिव्यांचं दर्शन घेतलं आणि मग देवाचं. सत्यनारायणाला नवराबायकोनं जोडीनं बसायचं असतं. पण शास्त्रात सगळ्याची सोय आहे. बायको बसू शकत नसेल तर यजमानानं कनवटीला सुपारी खोवावी, ती बायकोच्या जागी चालते. नीळकंठनं रेशमी सोवळं नेसून सुपारी खोवली आणि पाटावर बसला. शास्त्राप्रमाणे सुचेता त्याच्या शेजारी बसलेली होती.

काशिनाथरावांनी पोथी वाचली. आरती सुरू झाली. झांजा, घंटा, टाळ्या, आणि काशिनाथरावांचा आवाज, जो मुळात सभेसाठी घडवलेला होता. त्या आवाजाच्या पलीकडे अंगणाच्या टोकाला सुचेतानं दोनदा हाक मारली. ती कुणाला ऐकू गेली नाही. मग स्वयंपाकघराच्या दाराशी लाल दिवा लागला.

मनोरमाबाईंनी आरती म्हणता म्हणता कमलिनीला मनगटाला धरून मागे ओढलं. प्रसादाचं पातेलं आत सरकलं. दाराशी उभ्या असलेल्या बायका आपापल्या साड्या आवरून मधल्या खोलीत आल्या. एका क्षणात अंगणाच्या बाजूला चिटपाखरू उरलं नाही.

"बघा," काशिनाथराव आरती संपताच म्हणाले, "शब्दसुद्धा बोलावा लागला नाही!"

सगळे अंगणाकडे बघत उभे राहिले. दार उघडेना. कुणी बाहेर पडेना. मग पिवळा दिवा लागला. मग हिरवा. मग निळा. चारही दिवे एकदम पेटले आणि तसेच राहिले.

"अगबाई! दिवाळीच की!" शशिकलाबाई म्हणाल्या, आणि एक-दोघींनी टाळ्या वाजवल्या.

नीळकंठच्या कपाळावर आठी पडली. चारही दिवे एकत्र लागले तर काय समजायचं हे तक्त्यात लिहिलेलं नव्हतं, आणि जे तक्त्यात नाही ते बिघाडच असणार. "तार तारेला चिकटलीय," तो पाहुण्यांना म्हणाला. "थंडीनं होतं असं." तो बाहेरच्या खोलीत गेला आणि त्यानं फ्यूज काढला.

दिवे विझले. पाहुण्यांना तीर्थ दिलं गेलं.

फ्यूज हातात घेऊन नीळकंठ अंगणाच्या मध्यापर्यंत आला. सोवळ्यात होता, पुढे जाता येत नव्हतं.

"सुचेता! कोणतं बटण दाबलं होतंस? आता एकेक करून दाब हं, मी फ्यूज घालतो."

आतून काही आलं नाही.

"रुसली असेल. पूजा चुकली ना तिची," मागून शशिकलाबाई म्हणाल्या.

कमलिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कोळशाच्या खोलीच्या दाराखालून काहीतरी ओघळत अंगणात येत होतं. तिला आधी वाटलं तांब्या लवंडला. मग तिनं रंग पाहिला.

"कमळे, शिवू नकोस! अजून प्रसाद वाटायचाय!" मनोरमाबाई ओरडल्या, पण तोवर कमलिनीनं दार ढकललं होतं.

सुचेता फळीखाली पडली होती. एक हात अजून बटणांकडे वर उचललेला, भिंतीला टेकलेला. कमलिनी तिला उचलू बघत होती आणि तिच्यानं उचलवत नव्हतं. "दादा! दादा, ये ना!"

मनोरमाबाई धावत आल्या. उंबऱ्यापाशी त्यांचे पाय थबकले. चाळीस वर्षं ते पाय असल्या उंबऱ्यापाशी थबकत आले होते. मग त्यांनी सोवळ्याच्या लुगड्यासकट त्या रक्तात बसकण मारली, सुनेचं डोकं मांडीवर घेतलं आणि मुलाकडे बघून किंचाळल्या, "मेल्या, उभा काय राहिलास! उचल तिला!"

नीळकंठ पुढे आला. आणि मग त्याच्या अंगात मुरलेलं काहीतरी त्याच्यापेक्षा झटकन बोललं. "आलो. सोवळं बदलून आलोच."

तो घरात गेला. कनवटीची सुपारी काढून त्यानं जपून तबकात ठेवली. सोवळं सोडून घडी केली, धोतर नेसला. नंतर त्याला यातलं काहीही आठवत नव्हतं. घडी मात्र उत्तम घातलेली सापडली.

तेवढ्यात काशिनाथरावांना परत न्यायला आलेला टांगेवाला आरडाओरडा ऐकून आत शिरला होता. त्यानं शिवू का म्हणून विचारलं नाही. "अम्मा, पाँव उधर से पकड़ो," म्हणाला, आणि सुचेताला उचलून टांग्यात ठेवून मोकळा झाला. मनोरमाबाई आत बसल्या, कमलिनी चढली. नीळकंठ धोतर सावरत पळत आला आणि चालत्या टांग्याला लोंबकळला.

पाहुणे पांगले. सत्यनारायणाचा प्रसाद न घेता गेलं तर अनर्थ होतो असं पोथीत नुकतंच ऐकलं होतं, म्हणून शशिकलाबाईंनी स्वतः पातेल्यातून द्रोण भरून सगळ्यांना दिले.

दोन तळ्यांच्या मधल्या पुलावर टांगा आला तेव्हा सुचेतानं डोळे उघडले. तिनं नीळकंठकडे पाहिलं. त्यानं तिचा हात हातात घेतला. हात बर्फासारखा होता.

"शिवलात?" ती म्हणाली. तिला बहुधा हसायचं होतं.

पूल संपायच्या आत ते वाक्य खरं झालं, जे आपण वाचलं नव्हतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, चादर वर ओढली आणि मनोरमाबाईंना हळूच विचारलं, "कौन सा महीना था?"

"पौष," मनोरमाबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग कमलिनी भिंतीला टेकून खाली बसली आणि रडत रडत म्हणाली, "आई, त्या तो महिना नाही विचारत." मनोरमाबाईंना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्या रडल्या नाहीत. टोपड्यांच्या ट्रंकेची किल्ली कमरेला होती, ती त्यांनी मुठीत धरली आणि संध्याकाळपर्यंत सोडली नाही. लवकर आणलं असतं तर वाचली असती का, हे कुणी विचारलं नाही, म्हणून डॉक्टरीणबाईंनीही सांगितलं नाही.

मग सुतक आलं. सुतकाची एक गंमत आहे, ती इथे सांगितलीच पाहिजे. सुतकात घरातले सगळेच अस्पर्श्य असतात, त्यामुळे एकमेकांना शिवायला काहीच हरकत नसते. दहा दिवस डबिरांच्या घरात माणसं एकमेकांना धरून बसली. आई मुलाला, मुलगा बहिणीला. आठ हात अंगण कुणी मध्ये ठेवलं नाही. इतकं सोपं होतं ते.

तेराव्यानंतर शशिकलाबाई समाचाराला आल्या. बसल्या, डोळे पुसले, सुचेताच्या हातच्या साखरभाताची आठवण काढली. निघताना स्वयंपाकघराच्या दाराशी घुटमळल्या.

"मनोरमाबाई, राग मानू नका. तो तक्ता आणि दिवे आता तुम्हाला लागायचे नाहीत... आमच्याकडे तीन सुना आहेत."

"न्या की," मनोरमाबाई शांतपणे म्हणाल्या. "फक्त तीन टांगे आधी सांगून ठेवा."

शशिकलाबाईंनी तो तक्ता नेला नाही. पण मंडळातल्या एका इलेक्ट्रिशियननं नक्कल करून ठेवली होती. कॉलनीतल्या बऱ्याच घरांतून ती बसली. ही गोष्ट वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात दिवे नसतील, नुसती पडवी असेल, कोपरा असेल, घोंगडी असेल. तिथे बिघाड होत नाही एवढंच. फ्यूज काढलेलाच असतो.

पुढच्या महिन्यात एका सकाळी कमलिनी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"आई, मी आज बाहेरची आहे. पण मी तिथे जाणार नाही. तू मार, काही कर. मी नाही जाणार."

मनोरमाबाई परातीवर वाकलेल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मग नुसती उभी काय आहेस? कणीक मळ. माझे हात दुखतायत."

कमलिनीनं परातीत हात घातला. त्या दिवशी डबिरांच्या घरी जी पोळी झाली ती देवाला दाखवली गेली, आणि घरावर वीज पडली नाही. मंडळानं मात्र सणासमारंभाला बोलावणं सोडलं. कमलिनीला नागपूरहून एक चांगलं स्थळ आलं होतं, ते ही बातमी कळताच परत गेलं. मनोरमाबाई म्हणाल्या, "जाऊ दे. ज्यांना तिच्या हातची पोळी चालत नाही, त्यांना ती कशी चालेल?"

नीळकंठ कचेरीत जाई, नकाशे काढी, परत येई. घरात त्यानं पुन्हा काही दुरुस्त केलं नाही. धण्याच्या डब्यात जिरं असलं तरी तो बोलत नसे. फाल्गुनात त्यानं एक अर्ज लिहिला आणि रीतसर काशिनाथराव मुळमुळे यांच्यामार्फत वर पाठवला. अर्ज मराठीत होता. त्या कचेरीत मराठी अर्जांचं काय करायचं हे अजून ठरायचं होतं. तो असा:

"महोदय, अर्जदार आपल्या कार्यालयात नकाशे काढण्याच्या कामावर आहे. अर्जदाराची पत्नी कै. सौ. सुचेता हिला विटाळ असल्याच्या समजुतीने अर्जदाराने तिला वेळेवर हात लावला नाही. चौकशीअंती असे आढळून आले आहे की, विटाळ पत्नीस नसून अर्जदाराच्या दोन्ही हातांस होता. सबब नम्र विनंती की, सदर विटाळ शासनाने प्रमाणित करावा; तो चौथ्या दिवशी स्नानाने फिटणारा नाही, अशी नोंद अर्जदाराच्या सेवापुस्तकात घ्यावी; सदर हातांनी यापुढे राज्यातील कोणत्याही घराचा नकाशा काढला जाऊ नये; आणि अर्जदारास नोकरीच्या उर्वरित कालावधीत बाहेर बसण्याकरिता, खिडकी नसलेली व जेथून कोणताही निरोप कोणासही पोचणार नाही अशी एक खोली, नियमानुसार मंजूर करण्यात यावी."